इंजिन त्याचं, होडी तिची

सातपाटीच्या शाळेत माझी बदली झाली तेव्हा मला पापलेट आणि हलवा या माशांतला फरक कळत नव्हता. मी खानदेशातला. आमच्याकडे मासा म्हणजे नदीतला, तोही कुणाच्या हाताला लागला तर. पण गावाने मला लवकरच कामाला लावलं. मुलांना शुद्धलेखन शिकवून मिळाला नाही तेवढा मान मला अर्ज लिहून मिळाला. मच्छीमारांच्या सोसायटीला अर्ज, मामलेदाराला अर्ज, बँकेला अर्ज. फी मी मागितली नाही आणि कुणी दिली नाही, मात्र मासळी विकत घ्यायची वेळ माझ्यावर कधी आली नाही. प्रेमला आणि विश्राम यांच्या भानगडीत मी शिरलो तो याच वाटेने, आणि शिरल्यावर बाहेर पडायला मला काही वर्षं लागली.

विश्राम तांडेल होता. होडी कुठे न्यायची, जाळं कधी टाकायचं, हे सगळं तांडेल ठरवतो. प्रेमला मासळी विकायची. दोघांना मूलबाळ नव्हतं, होती ती एक होडी, आणि तीही प्रेमलाच्या आईने मरताना दिलेलं सोनं मोडून बांधलेली. त्रेसष्ट साली गावात इंजिनांचं वारं शिरलं. सरकार म्हणालं इंजिन बसवा, सोसायटी म्हणाली कर्ज घ्या, आणि विश्रामने दोघांचा मान राखला. गावातल्या मोठ्या सोसायट्यांशी या गोष्टीचा काही संबंध नाही. ही आमच्या आळीतली धाकटी सोसायटी, एका खोलीची. कर्ज विश्रामच्या नावावर झालं आणि तारण म्हणून इंजिनासकट होडी लिहून दिली गेली. होडी कुणाच्या सोन्याची हे विचारायला कागदावर जागा नव्हती.

आता या लोकांची एक रीत सांगतो, म्हणजे पुढचं सगळं कळेल. इथे पुरुष समुद्रावर जातो आणि किनाऱ्याला होडी लागली की त्याचं राज्य संपतं. टोपली बाईच्या डोक्यावर चढते, भाव बाई करते, पैसा बाईच्या कनवटीला लागतो. खलाशांचे वाटे तीच देते, घरही तीच चालवते. नवऱ्याने दारू प्यायली तर चार दिवस बोलाचाली होते आणि मिटते. पण नवऱ्याने मासळीचे पैसे परस्पर खिशात घातले, तर ते मिटत नाही. आमच्या खानदेशात हे उलटं असतं, आणि तिथल्या बायकांना मी ही गोष्ट अजून सांगितलेली नाही.

विश्रामने नेमकं तेच केलं. भर समुद्रात मुंबईच्या एका व्यापाऱ्याची लाँच भेटायची, तिला तो निवडक पापलेट देऊन टाकायचा आणि किनाऱ्यावर येऊन सांगायचा की आज दर्याने हात आखडला. एकदा नव्हे, एक अख्खा हंगाम. हे उघडकीला आलं ते त्याने ट्रान्झिस्टर आणला तेव्हा. म्हणे दोस्ताने दिला. प्रेमलाने दोस्ताचं नाव विचारलं, त्याने एक सांगितलं, ती दुसऱ्या दिवशी त्या दोस्ताच्या बायकोला जाऊन भेटली, तिच्याकडून लाँचचं कळलं आणि प्रकरण पंचांपुढे गेलं. पंचांपुढे ती एवढंच म्हणाली की रेडिओचं मला काही नाही, पण घरातल्या चोराबरोबर मी एका ताटात जेवणार नाही.

पंचांमध्ये मुख्य कृष्णकांत. वयाने साठीचा, आवाजाने चाळिशीचा, आणि न्याय करायला बसला की अंगात खादीचा सदरा. पंचांनी समजावलं, दोघांनी ऐकलं नाही. मग गवताची काडी आणली, दोघांसमोर मोडली, लग्न मोडलं. राहिली वाटणी. या पंचांनी आजवर शेकडो जाळी वाटली असतील, भांडी वाटली असतील, एकदा तर नारळाचं झाड वाटलं होतं, खालचा बुंधा थोरल्याचा नि वरचे नारळ धाकट्याचे. तोच अनुभव पणाला लावून कृष्णकांतने निकाल दिला. होडी तिच्या आईच्या सोन्याची, म्हणून होडी प्रेमलाची. इंजिनाचं कर्ज विश्रामच्या नावावर, म्हणून इंजिन विश्रामचं. ज्याचं कर्ज त्याची वस्तू, ज्याचं सोनं त्याची वस्तू. सगळ्या आळीने माना डोलावल्या. मीही डोलावली. इतका सरळ निकाल कोर्टात लागला नसता असं मी घरी येऊन बायकोला सांगितल्याचं आठवतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी विश्राम नटबोल्ट खोलायचे पाने आणि दोन माणसं घेऊन खाडीवर आला आणि होडीतून आपलं इंजिन काढायला लागला. प्रेमला बाजूला उभी राहून बघत होती. तिची हरकत नव्हती. शिडावर होड्या तिच्या बापाच्या काळातही चालत होत्या. एवढ्यात धावत आला तो कृष्णकांत. आता सांगायचं राहिलं ते हे, की आमच्या सोसायटीचा चेअरमनही कृष्णकांतच. तो म्हणाला, इंजिनाला हात लावायचा नाही. तारण इंजिनासकट होडीचं आहे. इंजिन काढलं तर तारण मोडतं. विश्राम म्हणाला, काल तुमीच दिलंय ना मला? त्यावर कृष्णकांतने जे उत्तर दिलं ते आळीत पुढे बरीच वर्षं सांगितलं जात होतं.

"काल पंच म्हणून दिलं. आज चेअरमन म्हणून आडवतोय. दोन्ही जागा मला आळीनंच दिल्या हायत."

तेव्हापासून होडी खाडीच्या चिखलात बसली. इंजिन त्याचं, त्यामुळे प्रेमला कुणा तांडेलाला होडी देऊ शकत नव्हती. होडी तिची, त्यामुळे विश्राम तिच्यावर पाय ठेवू शकत नव्हता. मासळी येईना, तर हप्ता कुठून येणार? विश्राम म्हणाला, होडी चालत नाही तर मी हप्ता कशाचा भरू. प्रेमला म्हणाली, कर्ज माझ्या नावावर नाही. सोसायटी काहीच म्हणाली नाही, फक्त दंडव्याज चढवत गेली. पावसाळा गेला, नारळीपौर्णिमा गेली, बाकीच्या होड्या समुद्रावर गेल्या आणि प्रेमलाच्या होडीत शेजारच्या कोंबड्या अंडी घालायला लागल्या. मग नोटीस आली. शिमग्यापर्यंत थकबाकी भरली नाही तर होडी आणि इंजिन एकत्र लिलावात काढलं जाईल.

नोटीस घेऊन ती माझ्याकडे आली. काडीमोड झाल्यापासून तिच्यात एक बदल झाला होता, ती विश्रामचं नाव घ्यायची. लग्नात असताना दहा वर्षं ज्याला नुसतं "तो" म्हटलं, त्याचं नाव आता ती वाक्यागणिक घ्यायची आणि प्रत्येक वेळी जरा जोरात. विश्रामनं असं केलं, विश्रामचं तसं झालं. त्या दिवशी मात्र तिने नाव घेतलं नाही.

"मास्तर, होडी गेली तर मी दुसऱ्याची मासळी विकेन, उपाशी नाय मरनार," ती म्हणाली. "पन आईचं सोनं हाय ते. ते लिलावात जाऊ द्यायचं नाय."

हे बोलताना तिचे डोळे कोरडे होते. मी लगेच कागद पुढे ओढला.

उपाय तिने स्वतःच काढला होता. जुनं कर्ज नव्या कर्जाने फेडायचं. थकबाकी, दंड, उरलेलं मुद्दल, सगळं मिळून एक नवं कर्ज तिच्या नावावर घ्यायचं, मुदत वाढवून घ्यायची, विश्रामला मोकळं करायचं आणि इंजिन आपलं करून घ्यायचं. मोठ्या शहरातले व्यापारी हेच करतात आणि त्याला हुशारी म्हणतात. पहिला अर्ज आम्ही सोसायटीलाच केला. कृष्णकांतने तो वाचला, माझ्या अक्षराची तारीफ केली आणि परत केला. सोसायटीचा सभासद फक्त समुद्रावर जाणारा. बाई समुद्रावर जात नाही, म्हणून सभासद होत नाही, म्हणून कर्ज मिळत नाही. मी म्हटलं, पण हप्ता तर घरोघरी बायकाच आणून भरतात. तो म्हणाला, भरायला कोण मनाई करतो?

मग पालघर. एका बँकेत आम्ही गेलो, मी शाळेला अर्धी रजा टाकून, ती मासळीची टोपली बाजारात बहिणीपाशी ठेवून. तिथल्या साहेबाने तिला खुर्ची दिली आणि नवऱ्याचं नाव विचारलं. तिने जोरात सांगितलं. साहेब म्हणाला, त्यांची सही लागेल. ती म्हणाली, मोडलं आमचं. साहेब म्हणाला, कोर्टाचा कागद आहे का? तिने सांगितलं की काडी मोडली आहे, अख्ख्या आळीने बघितली आहे. साहेब चांगला माणूस होता, हसला नाही. तो म्हणाला, बाई, बँकेच्या लेखी तुम्ही अजून त्यांच्या पत्नी आहात.

परत येताना एसटीत तिने आधी दोघांच्या तिकिटांचे पैसे दिले. मग मला म्हणाली की आळीत मी त्याची बायको नाही, पालघरात मी त्याची बायको आहे, मग मध्ये रस्त्यात मी कोण?

एक तिसरा रस्ता होता. तिचा भाऊ भगवंत. तो समुद्रावर जायचा, सोसायटीचा सभासद होता, आणि बहिणीसाठी कर्ज आपल्या नावावर घ्यायला आनंदाने तयार होता. इतका आनंदाने, की तिला संशय आला. तिने विचारलं, मग होडी कुणाच्या नावावर राहील? भगवंत म्हणाला, कर्जाबरोबर होडी यावीच लागते, पण ती तुझीच समज. तिने चहा पाजून त्याला वाटेला लावलं. नवऱ्याने पापलेट चोरलं, भाऊ होडीच चोरायला निघाला आहे, असं ती मला म्हणाली, आणि मला ते पटलं.

इकडे विश्रामचं काय चाललं होतं, तेही सांगायला हवं. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम जोरात होतं. तिथे अवजड सामान दोरांनी उचलायला, सरकवायला माणसं लागायची, आणि या कामाला ठेकेदार दर्यावरचीच माणसं शोधायचे. विश्राम तिथे कामाला लागला. महिन्याच्या महिन्याला रोख पगार मिळायला लागला, तो मागायला बायको नव्हती, आणि खाडीपलीकडून, मुरबे गावातून, एक स्थळ सांगून आलं. पण मुरब्याची माणसं शहाणी. मुलीचा बाप म्हणाला, जावई चालेल, जावयाच्या नावावरचा लिलाव चालणार नाही. आधी कर्जातून नाव काढ, मग साखरपुडा. तेव्हा विश्रामही माझ्या ओट्यावर येऊन बसला. मास्तर, काय तरी करा, म्हणाला.

म्हणजे आता एकाच कर्जासाठी दोन माणसं माझ्याकडे येत होती आणि दोघांना हवं होतं ते एकच. त्याला कर्ज देऊन टाकायचं होतं, तिला घ्यायचं होतं. देणारा राजी, घेणारी राजी, आणि तरीही व्यवहार होत नव्हता. मला याचा राग आला. मी चेअरमनकडून सोसायटीचे पोटनियम मागून आणले आणि एका रविवारी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून काढले. आळीत असं करणारा बहुधा मी पहिलाच. एकोणिसाव्या की विसाव्या नियमात मला हवं ते सापडलं. कर्जदाराला काही कारणाने हप्ते भरता आले नाहीत, तर त्याच्या कुटुंबातल्या जाणत्या माणसाला ते कर्ज थकबाकीसकट आपल्या नावावर घेता येतं, नवी मुदतही मिळते. त्यात सभासद असावा असं म्हटलं नव्हतं, समुद्रावर जाणारा असावा असंही नव्हतं. पत्नी चालत होती. अट एकच होती. कर्ज घेणारी बाई असेल तर नवऱ्याने जामीन राहायचं.

मी दोघांना बोलावलं आणि मोठ्या खुशीत सांगितलं की बायकोला कर्ज घेता येतं. काडीमोड झालेल्या बाईला नाही, बायकोला. तेव्हा तुम्ही पुन्हा एकदा नवराबायको व्हा, कर्ज वळवून घ्या, आणि मग सावकाश पुन्हा मोडा. विश्रामला हे फार आवडलं. प्रेमला माझ्याकडे अशी बघत राहिली की मी जरा मागे सरकलो.

मी म्हटलं, फक्त कागदापुरतं.

"पंचांकडं कागद नसतो मास्तर," ती म्हणाली. "तिथं जेवन असतं."

तिचं खरं होतं. मोडलेली काडी जोडायची तर पंचांना दंड आणि सगळ्या आळीला जेवण, अशी रीत. पुन्हा मोडायची तर पुन्हा पंचांचा मान. म्हणजे कर्ज फिरवायला लग्न करायला हवं, आणि लग्न करायला कर्ज काढायला हवं. विश्रामने ठेकेदाराकडून उचल घेतली. प्रेमलाने पावसाळ्यासाठी ठेवलेले सुके बोंबील काढून विकले. ज्या माणसाबरोबर एका ताटात जेवणार नाही म्हणून ती पंचांपुढे गेली होती, त्याच्याबरोबर पुन्हा जुळल्याचं जेवण तिने अख्ख्या आळीला घातलं, आणि रांधलंही स्वतःच, कारण आचाऱ्याला द्यायला काही उरलं नव्हतं. बायका येऊन तिच्या ओटीत तांदूळ घालत होत्या, गोड झालं म्हणत होत्या. ती सगळ्यांना "व्हय" म्हणत होती. त्या दिवशी तिला बघून मला वाईट वाटलं. माझी युक्ती बरोबर होती, पण ती रांधायला मी बसलो नव्हतो.

जेवणानंतर कृष्णकांतने पंच म्हणून हात धुतले आणि दुसऱ्या दिवशी चेअरमन म्हणून सही केली. आमच्या सोसायटीतली ती पहिली बाई कर्जदार. होडी तिच्या नावावर, इंजिनही तिच्या नावावर, हप्त्यांची मुदत चार वर्षांची, जामीन विश्राम. त्याच आठवड्यात तिने आपल्या शेजारणीच्या दिराला तांडेल ठेवला, कोंबड्या हाकलल्या आणि होडी पाण्यात घातली. विश्राम तारापूरला आपल्या झोपड्यात परत गेला. कागदावर आणि पंचांपुढे नवराबायको, प्रत्यक्षात मध्ये पंधरावीस किलोमीटर.

मुरब्याच्या माणसांना मात्र हा हिशेब समजावून सांगणारं कुणी भेटलं नाही. त्यांना कळलं ते एवढंच की होणाऱ्या जावयाने आपल्याच बायकोशी गाजावाजा करून पुन्हा लग्न लावलं आणि गावजेवण घातलं. त्यांनी मुलगी डहाणूकडे देऊन टाकली. विश्राम माझ्या ओट्यावर येऊन मला वाट्टेल ते बोलला. मी त्याला म्हटलं, कर्जातून नाव काढायला सांगितलं होतंस, ते काढलं. तो म्हणाला, जामिनात घातलंत ना. मी विषय बदलला.

मग प्रेमला ठरल्याप्रमाणे पंचांपुढे गेली. काम झालं, आता मोडा, पंचांचा मान आणला आहे, म्हणून तिने पैसे पुढे ठेवले. कृष्णकांतने पैशांकडे बघितलं, पण उचलले नाहीत. मागच्या वेळच्या होडी-इंजिनाच्या वाटणीवरून आळीतली पोरंसुद्धा त्याला हसली होती, आणि ज्याला लोक एकदा हसले तो माणूस दुसऱ्यांदा फार सावध होतो. त्याने सांगितलं की नवरा जामीन आहे. काडी मोडली तर तो नवरा राहणार नाही, नवरा नाही तर जामीन नाही, जामीन नाही तर कर्ज बेकायदा. कर्ज फिटेपर्यंत काडी मोडायची नाही. प्रेमलाने विचारलं, हे पंच म्हणून सांगताय की चेअरमन म्हणून? तो म्हणाला, या वेळी दोन्ही.

ती घरी जाताना माझ्या दारावरून गेली आणि थांबली नाही. मला पहिल्यांदा वाटलं की तिने थांबून शिव्या द्याव्यात. तिने होडी मिळवली होती आणि त्यापायी ज्याला घराबाहेर काढलं त्यालाच चार वर्षांसाठी बांधून घेतलं होतं. नियम मी शोधला होता, पण नियमाला दुसरं टोक असतं हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

पुढची वर्षं तिने जशी काढली तशी आळीत कुणी काढली नसतील. तारापूरच्या कामावर परदेशी साहेब आले होते. त्यांच्या बंगल्यांवर पापलेट जायचं, आणि भाव सातपाटीत कधी ऐकला नव्हता असा मिळायचा. प्रेमला टोपली घेऊन स्वतः तिकडे जायला लागली. इंग्रजी तिला येत नव्हतं, पण मासा उलटा करून कल्ले दाखवण्यात जी भाषा आहे ती सगळ्यांना कळते. हप्ता कधी चुकला नाही, उलट दोन-दोन हप्ते एकदम भरायची. हंगामाच्या सुरुवातीला जामीनदाराने सोसायटीत येऊन तोंड दाखवायचा नियम होता. विश्राम यायचा, दाराबाहेर उभा राहायचा, ती आत हप्ता भरायची, मग दोघं दोन वाटांनी जायचे. नाव घेणं तिने बंद केलं होतं. बायको म्हटल्यावर तेवढं पाळायलाच हवं होतं, आणि आळीला या पाळण्याची मोठी गंमत वाटायची.

एकोणसत्तर साली चार वर्षांचं कर्ज तिने मुदतीच्या आधीच फेडून टाकलं. कृष्णकांतने चेअरमन म्हणून तिला कर्ज फिटल्याचा दाखला दिला आणि सोसायटीकडून नारळ दिला. नारळ तिने तिथेच टेबलावर ठेवला आणि विचारलं, पंच कधी बसतील?

पंच पौर्णिमेच्या दुपारी बसले, देवळासमोर. आळी नेहमीपेक्षा जास्त जमली होती. मला साक्षीदार म्हणून बसवलं होतं, कारण या लग्नात आणि कर्जात कुठे काय आहे हे आता माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. कृष्णकांतच्या हातात काडी होती. विश्राम समोर आला तेव्हा मी त्याला नीट बघितलं. बांधकाम संपत आलं होतं, ठेकेदाराने माणसं कमी केली होती, आणि त्याची नोकरी शिमग्यातच गेली होती. या दिवसांत त्याने गावातल्या होड्यांवर विचारून पाहिलं होतं. हंगामाची माणसं सगळीकडे भरलेली होती.

कृष्णकांतने विचारलं, कुणाला काही बोलायचं आहे? विश्राम म्हणाला, मोडा, माझी हरकत नाही. फक्त एक मागणं आहे. प्रेमलाच्या होडीवर एक माणूस कमी आहे. मला खलाशी म्हणून घ्यावं. नवरा म्हणून नको, पाहुणा म्हणूनही नको, नुसता खलाशी. खलाशाचा जो वाटा असतो तो दर फेरीला माझ्या हातात द्यावा, बाकी मला काही नको. तो हे इतक्या नम्रपणे बोलला की देवळासमोर बसलेल्या बायकांनी हळहळून एकमेकींकडे बघितलं. मलाही वाटलं, माणूस सुधारला. कृष्णकांत म्हणाला, मागणं वाजवी आहे, आणि काडी दोन्ही हातांत धरली.

"थांबा," प्रेमला म्हणाली.

ती उठली नाही. बसल्या जागेवरून ती विश्रामकडे बघत होती, आणि मला दिसलं की तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, हिशेब होता. मग तो हिशेब माझ्याही डोक्यात शिरला. खलाशाला वाटा द्यावा लागतो, त्याच्या हातात, रोख. नवऱ्याला वाटा नसतो. नवऱ्याचा वाटा बाईच्या कनवटीला जातो. काडी मोडली की विश्रामच्या हातात दर फेरीला पैसे पडणार होते, तेही कुणाला न विचारता, राजरोस, पंचांच्या साक्षीने. ज्यासाठी त्याला एकदा समुद्रात चोरी करावी लागली होती, ते तो आता मागून घेत होता.

"काडी राहू द्या," ती म्हणाली. "मला नाय मोडायची."

कृष्णकांत म्हणाला, अगं पण एवढी वर्षं तूच मागत होतीस. ती म्हणाली, तेव्हा होडी सोसायटीकडे होती, आता माझी आहे. माझ्या होडीवर कोण चढेल ते मी ठरवणार. ह्याला खलाशी म्हणून घेतला तर वाटा द्यावा लागेल. नवरा म्हणून यायचं असेल तर उद्या पहाटे खाडीवर यावं. तांडेल दुसरा आहे, त्याचं ऐकावं लागेल.

विश्रामने हळूच विचारलं, "आन माझ्या हातात काय येनार?"

"जाळं," प्रेमला म्हणाली. "जेवन घरी मिळेल, झोपायला होडी हाय. पैसं बाईकडं ऱ्हातात, ते तुला ठावं हाय."

विश्रामने पंचांकडे बघितलं, निदान एखाद्याने तरी आपल्या बाजूने बोलावं म्हणून. पण कुणालाच काही बोलता येईना, कारण प्रत्येकाच्या घरी हाच कायदा होता आणि प्रत्येकाची बायको तिथे बसली होती.